ज्यांच्या नावाची परीक्षा आपली पोरं देतात, त्या होमी भाभांनी चित्रकलेची वही कधीच बंद केली नाही

सहावीत किंवा नववीत मूल असलं की त्या घरात होमी भाभा हे माणसाचं नाव राहत नाही, ते परीक्षेचं नाव होतं. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ घेतं ती डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, मग प्रकल्प आणि मुलाखत. त्यासाठी वेगळी पुस्तकं, वेगळे क्लास. गोल्ड मेडल मिळालं तर सोसायटीच्या गेटवर बॅनर ठरलेलाच.

आणि बहुतेक घरांमध्ये याच काळात आणखी एक गोष्ट गुपचूप घडते. तबल्याचा क्लास बंद होतो. चित्रकला चालू राहते, पण इंटरमीजिएटच्या परीक्षेपुरती, कारण दहावीला त्याचे वाढीव मार्क मिळतात. ज्यांना पोराला परदेशातल्या मोठ्या कॉलेजात पाठवायचंय त्यांच्याकडे चित्र उलटं असतं. तिथे गिटार, फुटबॉल, समाजसेवा, वादविवाद असं सगळंच लागतं, कारण अर्जात ते दाखवायचं असतं.

म्हणजे छंद एक तर सोडायचा, नाहीतर सर्टिफिकेटसाठी करायचा.

गंमत बघा, ज्या माणसाच्या नावाने ही परीक्षा होते त्याने यातलं काहीच केलं नाही. तो जगातल्या सगळ्यात अवघड कॉलेजांपैकी एकात गेला, तिथल्या दोन अवघड परीक्षांमध्ये फर्स्ट क्लास आणला आणि मरेपर्यंत चित्रंही काढत राहिला. हे त्याला कसं जमलं, त्यात त्याचं किती होतं आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचं किती होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

घरात रेकॉर्ड्स, पुस्तकं आणि मेकॅनो

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. पारशी कुटुंब. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकलेले वकील होते आणि टाटांच्या कंपन्यांशी त्यांचा जवळचा संबंध होता. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे आधीच सांगितलेलं बरं, की हे घर साधं नव्हतं. पैसा होता, ओळखी होत्या आणि घरात मोठी लायब्ररी होती.

त्या लायब्ररीत विज्ञानाच्या पुस्तकांइतकीच चित्रकलेची पुस्तकं होती. आत्याकडे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड्सचा साठा होता. होमी आणि धाकटा भाऊ जमशेद बीथोव्हेन, मोझार्ट ऐकत वाढले. एकीकडे मेकॅनोचे तुकडे जोडून यंत्रं बनवणं, दुसरीकडे व्हायोलिन आणि पियानोचे धडे. चित्रकला शिकवायला जहांगीर लालकाका होते, त्या काळातले नावाजलेले पोर्ट्रेट चित्रकार.

शिक्षण झालं कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूलमध्ये. अभ्यासात होमी पुढे होताच, बक्षिसंही मिळायची. पंधरा-सोळाव्या वर्षी सीनियर केंब्रिजची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाला, पण परदेशी कॉलेजात जायला वय कमी पडत होतं. मग मधला काळ एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेला.

आज असा मधला काळ मिळाला तर घरचे पहिल्यांदा काय करतील? एंट्रन्सचा क्रॅश कोर्स लावतील. होमीने त्या वयात अभ्यास केलाच, पण ब्रशही हातात ठेवला. सतराव्या वर्षी स्वतःचंच काढलेलं पोर्ट्रेट त्याने बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात दिलं आणि त्याला बक्षीस मिळालं.

कॉलेज मिळालं, पण विषय घरच्यांचा

१९२७ साली होमी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजमध्ये दाखल झाला. शाखा, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. हे कॉलेज घरात ओळखीचं होतं, कारण दोराबजी टाटा स्वतः तिथे शिकले होते. घरच्यांचा प्लॅन पक्का होता. पोरगा इंजिनिअर होऊन परत येणार आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू होणार.

हा प्लॅन वाईट होता असं म्हणता येणार नाही. देशातला एक मोठा कारखाना वाट बघत होता. बापाच्या जागी कुणीही असता तरी हेच म्हणाला असता.

पण होमी नेमका अशा वर्षी केंब्रिजला पोचला होता जेव्हा तिथे फिजिक्स पेटलं होतं. १९२८ मध्ये पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनचं आपलं प्रसिद्ध समीकरण मांडलं. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रुदरफोर्ड आणि त्यांची टीम अणूच्या आत डोकावत होती. आणि हा पोरगा त्याच गावात इंजिनिअरिंगची ड्रॉइंग्ज काढत बसला होता.

१९२८ मध्येच त्याने वडिलांना एक लांब पत्र लिहिलं. ते पत्र आज भारतीय विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यातला मुद्दा असा होता, की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी हा आपला पिंड नाही, आपल्याला फिजिक्स करायचंय आणि त्यात आपण काहीतरी मोठं करू शकतो याची आपल्याला खात्री आहे. आणि हे पटवायला त्याने दाखला कुणाचा दिला, तर बीथोव्हेनचा. संगीतकाराला शास्त्रज्ञ व्हायला सांगून जसा उपयोग नाही, तसंच हे, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्या रेकॉर्ड्स आत्याच्या घरी ऐकल्या, त्या इथे कामाला आल्या.

वडिलांनी घातलेली अट

आता सिनेमात असतं तर वडील चिडले असते, पोरगा घर सोडून गेला असता. प्रत्यक्षात झालं ते जास्त शहाणपणाचं होतं.

जहांगीर भाभांनी नकार दिला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. मेकॅनिकलची ट्रायपॉस, म्हणजे केंब्रिजची पदवी परीक्षा, फर्स्ट क्लासमध्ये पास हो. तसं झालं तर आणखी दोन वर्षं राहून गणिताची ट्रायपॉस करायला खर्च आम्ही देऊ.

या अटीत दोन्ही बाजूंचं काहीतरी पणाला लागलं होतं. बापाला बघायचं होतं की पोराला इंजिनिअरिंग नकोसं झालंय ते जड जातंय म्हणून, की खरंच दुसरं काही हवंय म्हणून. पोराला जे आवडत नव्हतं त्यात फर्स्ट क्लास आणून दाखवायचा होता, तेव्हा कुठे आवडीच्या विषयाचं दार उघडणार होतं. सेकंड क्लास आला असता तर बोट पकडून मुंबई आणि तिथून जमशेदपूर.

होमीने १९३० मध्ये फर्स्ट क्लास आणला. वडिलांनी शब्द पाळला. दोन वर्षांनी गणिताच्या ट्रायपॉसमध्येही फर्स्ट क्लास. मधल्या काळात इंजिनिअरिंगसाठीची सॉलोमन्स शिष्यवृत्तीही मिळाली, म्हणजे ज्या विषयातून सुटका हवी होती त्यानेही पैसे मिळवून दिले. नंतर गणितासाठीची राउज बॉल प्रवासी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यावर झुरिकला पाउलींकडे, रोमला फर्मींकडे जाऊन काम करता आलं. १९३३ मध्ये कॉस्मिक किरणांवरचा पहिला शोधनिबंध आला आणि १९३४ मध्ये आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती. स्पर्धा म्हणाल तर एकामागून एक चालूच होत्या, फक्त त्या आता स्वतः निवडलेल्या विषयातल्या होत्या.

मग चित्रं कधी काढायचा?

खरा प्रश्न हा आहे. इतकं सगळं चालू असताना छंदाला वेळ कुठून आणला?

याचं उत्तर वेळापत्रकात सापडत नाही. ते सापडतं तो छंदाकडे कसं बघायचा त्यात. आयुष्य किती वर्षांचं असेल हे आपल्या हातात नाही, म्हणून आहे तेवढं जास्तीत जास्त भरून जगायचं, आणि विज्ञान, चित्रं, संगीत ही सगळी त्याचीच साधनं, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे अभ्यास हे काम आणि चित्रकला ही सुट्टी, अशी वाटणीच त्याने केली नाही.

केंब्रिजमध्ये तो स्केचेस काढायचा, मैफिलींना जायचा आणि विद्यार्थ्यांच्या नाटक-संगीताच्या प्रयोगांसाठी नेपथ्यही करायचा. मोझार्टच्या इडोमेनेओ या ऑपेराचं नेपथ्य त्याने केलं होतं. नेपथ्य म्हणजे मापं काढणं, वजन तोलणं, प्रकाश कुठून येणार हे बघणं. इंजिनिअरचं डोकं आणि चित्रकाराचा डोळा दोन्ही लागतात. पण त्या नेपथ्याने त्याला ट्रायपॉसमध्ये एक मार्क जास्त मिळाला नाही आणि ते त्याने त्यासाठी केलंही नव्हतं.

आज ज्याला एक्स्ट्राकरिक्युलर म्हणतात त्याचा हिशेब इथे चुकतो. होमीने कुठला छंद कुणाला दाखवण्यासाठी धरला नाही, म्हणून अभ्यास वाढल्यावर तो सोडायचीही वेळ आली नाही. आणि धरले ते किती? चित्र आणि संगीत. लहानपणी जे होते तेच. दर वर्षी नवा क्लास, नवं सर्टिफिकेट असा प्रकार नव्हता.

ते सगळं पुढे कुठे गेलं?

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं राहिलं. ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले, तिथे सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी नागपूरला भरलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची ओळख करून देताना थेट लिओनार्दो दा विंचीशी तुलना केली. कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या रामन यांच्याकडून हे आलं होतं. १९४२ मध्ये केंब्रिजचा ॲडम्स पुरस्कार मिळाला.

१९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सुरू झाली. बंगळूरला सुरुवात होऊन त्याच वर्षी ती मुंबईत आली, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. भाभांचा जन्म याच बंगल्यातला. पुढे १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी उभारायची म्हणजे नुसतं फिजिक्स येऊन चालत नाही. धातू, पाणी, पंप, शिल्डिंग हे सगळं कळावं लागतं. वडिलांच्या अटीपायी केलेलं इंजिनिअरिंग तेव्हा कामाला आलं.

आणि चित्रकला? कुलाब्याच्या टोकाला संस्थेची इमारत उभी राहत होती तेव्हा भाभांनी पंतप्रधान नेहरूंकडून परवानगी घेतली, की बजेटमधला १ टक्का चित्रं आणि शिल्पं घेण्यासाठी वापरायचा. आरा, गायतोंडे, रझा, हुसेन यांची नावं आज कोट्यवधींच्या लिलावात ऐकू येतात. भाभा तेव्हापासून त्यांची चित्रं घेत होते. हुसेन यांचं भलंमोठं म्युरल आजही संस्थेच्या भिंतीवर आहे. बागेची आखणी भाभा स्वतः बघायचे, आणि झाडं तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावायची, असा त्यांचा दंडक होता.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाला निघालेले भाभा माँ ब्लां पर्वतावरच्या विमान अपघातात गेले. वय ५६. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्या मागे शोधनिबंध राहिले, संस्था राहिल्या आणि चित्रं-स्केचेसही राहिली.

यातून आपण काय घ्यायचं?

प्रत्येक घरात टाटांची आत्या नसते. अपयश आलं असतं तरी होमीसाठी जमशेदपूरची नोकरी तयार होती. ज्या पोराच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज आहे, त्याला छंद जप म्हणणं सोपं आहे, जपायला लावणं अवघड. व्हायोलिनचे धडे आणि आर्ट सोसायटीचं प्रदर्शन हे त्या काळातही मोजक्याच मुलांच्या वाट्याला यायचं. हे विसरून भाभांची गोष्ट सांगितली तर ती पोरांवर अन्याय करणारी होते.

पण या गोष्टीतल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. पहिली, जहांगीर भाभांची अट. पोराचं ऐकून घ्यायचं, त्याच्याकडून मेहनतीचा पुरावा मागायचा आणि तो मिळाल्यावर आपला शब्द पाळायचा. आपल्याकडे अट घालणारे पालक भरपूर आहेत. निकाल लागल्यावर शब्द पाळणारे किती, ते तुमच्या घरात तुम्हालाच माहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे एखादा छंद मार्कांच्या हिशेबाबाहेर ठेवणं. एकच चालेल. चित्रकलेची वही दहा रुपयांची असली तरी चालते.

आजही गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारताची टीम तयार होते ती मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. शाळेतल्या बालवैज्ञानिक स्पर्धेवरही नाव त्यांचंच. त्या परीक्षेला बसणारी पोरं भाभांबद्दल जन्मतारीख, अप्सरा आणि तुर्भे एवढं पाठ करतात, कारण तेवढंच विचारलं जातं. तुमच्या घरात यंदा कुणी होमी भाभाला बसलं असेल, तर त्याला एवढं जास्तीचं सांगा, की हे साहेब केंब्रिजला असताना नाटकाचे सेट पण बनवायचे. आणि हो, माळ्यावर ठेवलेला तबला खाली काढायला परीक्षा संपायची वाट बघायची गरज नाही.