विदुषी दुर्गाबाई भागवत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोकर, सुया आणि टाके यांतले मला कळते, लेखणीतले नाही. पण दुपारच्या विणकामाच्या वर्गात मी दुर्गाबाई भागवतांविषयी जे बोलत असते तेच कागदावर उतरवा, असा बायकांचा आग्रह पडला. म्हणून हे धाडस. चुकेल तेथे भगिनींनी सांभाळून घ्यावे.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे झाला. घर विद्येचे होते. वडील रसायनशास्त्रातले. धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३९ साली केंब्रिजला डॉक्टर झाल्या. दुर्गाबाई मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात शिकल्या. मध्येच शिक्षण बाजूला ठेवून त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरल्या, नंतर परत येऊन बी. ए., एम. ए. झाल्या. संस्कृत, पाली अशा भाषा शिकल्या. लग्न केले नाही. आमच्या वर्गात एकदा एक जाऊबाई म्हणाल्या की, मागे संसार नसला म्हणजे कोणालाही पुस्तके लिहिता येतील. मला ते पटले नाही. संसार नसलेल्या बाईला त्या काळात काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याचा हिशेब आपण धरीत नाही.

आणि त्यांना घरातले काही येत नव्हते असेही नाही. स्वयंपाक उत्तम, विणकाम-भरतकामात हात चांगला. खाण्याच्या पदार्थांवर त्यांचे 'खमंग' नावाचे पुस्तक आहे. खरे सांगते, माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो आधी यामुळे. ज्या बाईला टाका मोजता येतो तिला दुसऱ्या बाईच्या कामाची किंमत कळते.

पुढे संशोधनासाठी त्या मध्य प्रांतातल्या गोंडांच्या मुलखात गेल्या. रानावनात हिंडून त्यांच्या चालीरीती, गाणी, कथा टिपून घेतल्या. तेथेच सुरण खाण्यात येऊन विषबाधा झाली आणि त्यांना काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. डॉक्टरेट राहून गेली ती राहिलीच. एवढे कष्ट केलेल्या बाईने येथेच हाय खाल्ली असती तर कोणी दोष दिला नसता. पण नावापुढे डॉक्टर न लागताही त्यांनी जे काम केले ते थोरामोठ्यांनी मानले. काही वर्षे त्या पुण्याच्या गोखले संस्थेत समाजशास्त्राच्या प्रमुखही होत्या.

माझी आणि त्यांची ओळख अंथरुणातच झाली. पाच वर्षांपूर्वी माझी कंबर धरली आणि दोन महिने पाठीवर निजून काढावे लागले. सुयाही हातात धरवेनात. त्या वेळी शेजारच्या वहिनींनी 'ऋतुचक्र' आणून दिले. हे पुस्तक १९५६ सालचे. मी भीतभीत उघडले, तर चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे आपलेच महिने! झाडे कशी पालवतात, फुले कधी येतात, आभाळ कसे बदलते, सगळे महिन्यामहिन्याने सांगितलेले. फाल्गुनात आपल्या वाशीमच्या वाटांवर पळस लाल होतो तो मी जन्मभर पाहिला होता; पाहिला म्हणजे काय, त्याच्याखालून गेले होते एवढेच.

मग 'व्यासपर्व' वाचले. ते जड गेले. तीनदा वाचले तेव्हा थोडे हाती लागले. महाभारतातली माणसे त्यांनी देव्हाऱ्यातून उचलून समोर पाटावर बसविली आहेत. द्रौपदीवरचे वाचताना मी हातातले विणकाम खाली ठेवले. 'पैस' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात नेवाशाच्या खांबावर लेख आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरमाउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो तोच खांब. शिर्डीच्या सहलीत आम्ही तेथे उतरलो होतो. गाडीवाला घाई करीत होता, म्हणून नुसते डोके टेकवून निघालो. तेव्हा हे पुस्तक वाचलेले नव्हते याची हळहळ वाटते.

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले, त्याच्या दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. बायकांत हा मान त्यांच्याआधी फक्त कुसुमावती देशपांडे यांना, १९६१ साली. आणि त्या आपल्या अमरावतीच्या, हे जाता जाता सांगते. देशात तेव्हा आणीबाणी होती. जयप्रकाश नारायण आजारी होते. मोठमोठे पुढारी मंडपात असताना दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे सर्वांना आवाहन केले आणि लेखकांच्या स्वातंत्र्यासाठी उघडपणे बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. सुटून आल्यावरही त्यांचे बोलणे बदलले नाही. सरकारी मानसन्मान त्यांनी घेतले नाहीत. ७ मे २००२ रोजी मुंबईत त्या वारल्या, तेव्हा वय ब्याण्णव होते.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. दुर्गाबाईंनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिली तीत बायकांची गाणी, व्रतांच्या कहाण्या, कोडी यांना त्यांनी विद्वानांच्या पंक्तीत बसविले. जात्यावर, पाळण्याशी, पूजेच्या पाटापुढे बायका जे म्हणत आल्या तो त्यांचा धर्मविचारच होय, हे मला त्यांच्यामुळे कळले. आणि मी काय केले होते? आमच्या सासूबाईंना भुलाबाईची गाणी मुखोद्गत होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी त्या गात, मुली टिपऱ्या धरीत, मग खाऊ ओळखण्याचा गलका होई. मला त्याची लाज वाटे. दूरदर्शनवरची मालिका बुडते म्हणून मी एकदा त्यांना हळू गा असे सांगितले होते. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी भुलाबाई मांडली नाही.

अंथरुणातून उठल्यावर मी वही घेऊन त्यांच्यापाशी बसले. तोवर त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते, नावे विसरत होती. पण चाल धरली की ओळी येत. विणकाम उसवताना धागा तुटू नये म्हणून हलके ओढतो, तसे ओढत ओढत आम्ही सतरा गाणी उतरविली. अठरावे अर्ध्यावर राहिले. भुलाबाई माहेरी निघते, वाटेत नदीला पूर येतो, येथपर्यंत त्या आल्या आणि थांबल्या. मागच्या पौषात त्या गेल्या.

ही वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पुराच्या पुढचे गाणे कोणाच्या आईला, आजीला येत असेल तर त्यांनी दुपारी तीननंतर वर्गात यावे, किंवा निरोप द्यावा, मी घरी येऊन लिहून घेईन.