विश्लेषण : छोट्या गावचे मासिक ते नागपूरचा ‘हिंदी केसरी’… माधवराव सप्रेंना मोठ्या पत्रकारितेची कोणती किंमत मोजावी लागली?

भंडारा जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्याला पुढे जायचे झाले, की आजही आधी नागपूर आठवते. सव्वाशे वर्षांपूर्वीही वेगळे चित्र नव्हते. तेव्हा भंडारा, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे मध्य प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी. गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोडवरून नागपूरला येणाऱ्या लोहमार्गाच्या पलीकडच्या टोकाला, छत्तीसगडमध्ये, एका मराठी माणसाने हिंदी मासिक काढले होते. त्यांचे नाव माधवराव सप्रे. त्यांना मोठे व्यासपीठ मिळाले, पण त्याची किंमतही मोठी होती.

माधवराव सप्रे कोण होते?

सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घर मराठी, पण शिक्षण आणि वावर हिंदी मुलखात. बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर अशी ठिकाणे बदलत त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार उघडे असे. सप्रेंनी मात्र तहसीलदारीकडे पाठ फिरवली आणि पेंड्रा जमीनदारीच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम पत्करले.

‘छत्तीसगढ मित्र’चे वेगळेपण काय?

पगारातून शिल्लक टाकून सप्रेंनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक होते. म्हणजे हिंदी मासिकामागे तिघेही मराठी. पेंड्र्यात छापखाना नव्हता. त्यामुळे अंक आधी रायपूरला आणि नंतर नागपूरच्या देशसेवक छापखान्यात छापले जात. नव्या पुस्तकांचे कसून परीक्षण ही मासिकाची ओळख ठरली. सप्रेंची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये यातच आली. झोपडी हिरावली गेलेल्या विधवेची आणि जमीनदाराची ही गोष्ट काही समीक्षक हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. नाव झाले, पण वर्गणीदार पुरेसे मिळाले नाहीत. तोटा सोसत तीन वर्षे चाललेले मासिक १९०२ अखेर बंद पडले.

नागपुरात काय घडले?

सप्रेंनी छोट्या मासिकाच्या अपयशाचा अर्थ वाचक नाहीत असा लावला नाही. अधिक मोठ्या केंद्रातून काम करावे लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०६ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. आता वाचक एका जिल्ह्याचा राहिला नव्हता. त्याचबरोबर सरकारची नजरही वळली होती.

माफीनाम्याची वेळ का आली?

जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. महिनाभरातच, २२ ऑगस्टला, सप्रेंना त्याच कलम १२४ अ खाली अटक झाली. घरची जबाबदारी थोरल्या भावावर होती आणि त्यांनी माफीसाठी निर्वाणीचा आग्रह धरला. सप्रेंनी माफीनाम्यावर सही केली आणि ते सुटले. ज्या चळवळीचे ते मुखपत्र चालवत होते, तिच्या दृष्टीने हा मोठा डाग होता. त्यांनाही तो सहन झाला नाही. वर्ध्याच्या हनुमानगडावरील रामदासी मठात ते वर्षभराहून अधिक काळ राहिले, माधुकरी मागून जगले आणि ‘दासबोध’ वाचत राहिले.

पुनरागमन कसे झाले?

परतल्यावर सप्रे रायपूरला राहिले. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, त्याचा हिंदी अनुवादही सप्रेंनीच केला. ज्यांच्या विचारांसाठी काढलेले पत्र माफीनाम्याने संपले, त्यांच्याच सर्वांत मोठ्या ग्रंथाला त्यांनी हिंदी वाचक मिळवून दिला. रायपुरात मुलींची शाळाही सुरू केली. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले, त्यामागे सप्रेंचा पुढाकार होता. संपादकपदी मात्र माखनलाल चतुर्वेदी होते. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रेंकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे महत्त्व काय?

भोपाळमध्ये १९८४ पासून सप्रेंच्या नावाने जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालय आहे. महाराष्ट्रात मात्र ते फारसे ठाऊक नाहीत, कारण त्यांनी लिहिले ते हिंदीत. बढती म्हणजे मोठे शहर आणि मोठे पत्र, हे समीकरण त्यांच्या आयुष्यात अर्धेच खरे ठरले. नागपूरने त्यांना व्याप्ती दिली, पण तिथले पत्र दीड-दोन वर्षांत हातचे गेले. परीक्षण आणि कथा हे त्यांचे टिकलेले काम पेंड्र्यासारख्या गावच्या, तोट्यातल्या मासिकात झाले होते. तालुक्याच्या गावातून नागपूरकडे पाहणाऱ्या आजच्या बातमीदाराने ही बाजूही हिशेबात धरायला हवी.