ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील काही मुले हल्ली कराटे शिकतात. त्यांपैकी एकाने मध्यंतरी आम्हांस विचारले की, काळा पट्टा मिळण्यास किती वर्षे लागतात? सामान्यतः तीन ते पाच वर्षे, एवढे सांगून आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु ते उत्तर अपुरे वाटल्यावरून, ज्यांच्या विद्येत पट्टाच नव्हता अशा एका मल्लाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल होते. त्यांच्याच हाताखाली खाशाबांनी बालपणी आखाड्याची माती अंगास लावली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. शरीर लहानखुरे असल्यामुळे बळापेक्षा चपळाई व डावपेच यांवरच त्यांची भिस्त असे. तालमीत ना परीक्षा होती, ना प्रमाणपत्र. रोजच्या जोर-बैठका व रोजची लढत, एवढाच तेथील अभ्यासक्रम.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लास तेथील गादी व आंतरराष्ट्रीय नियम अगदीच नवखे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी तेवढ्यावर समाधान मानता. खाशाबा मात्र पुन्हा तालमीत उतरले आणि त्यांनी आणखी चार वर्षे घाम गाळला.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा खर्चास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपल्या या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीस खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविले. पुढे जपानचे शोहाची इशी व सोव्हिएट रशियाचा मल्ल यांच्याकडून ते हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांस कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

सुवर्णपदक जिंकणारे इशी हे मूळचे ज्यूदोचे अभ्यासक. महायुद्धानंतर जपानात ज्यूदोवर निर्बंध आले, म्हणून ते कुस्तीकडे वळले. या ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली आपली शाळा काढली व पुढे पायऱ्यांची पद्धत सुरू केली. काळा पट्टा त्याच शाळेतून जगभर गेला. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीस जपानी भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ आरंभाची पायरी असा होतो. म्हणजे ज्यास आपण शेवट समजतो, तेथे त्यांच्या मते विद्येस नुकता प्रारंभ होतो.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडकरांनी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर त्यांनी प्रथम काय केले असेल? कोल्हापुरात कुस्त्या लढून पैसा उभारला आणि प्राचार्यांचे घर सोडविले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने. आज दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. तेथे झेंड्यासाठी जिवावर उदार होणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या धाडसाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते धाडस एका दिवसाचे असते. खाशाबांचे धाडस रोज पहाटे उठण्याचे होते, व ते वीस वर्षे टिकले.

तेव्हा ज्याने प्रश्न विचारला त्या आमच्या विद्यार्थ्यास एवढेच सांगणे की, पट्टा चार वर्षांत मिळेल, तो अवश्य मिळवावा. मात्र पाचव्या वर्षीही पहाटे उठण्याची सवय सोडू नये.