पं. विष्णू नारायण भातखंडे : दहा थाटांची गोष्ट



शाळेचं स्वागतगीत किंवा मुलांनी बसवलेली चाल कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचं काम आता बरेच शिक्षक करतात. म्यूझस्कोरसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. पण सकाळच्या भैरव रागातली साधी चाल लिहायला घेतली की अडचण येते. सॉफ्टवेअर सुरुवातीलाच 'की सिग्नेचर' विचारतं, म्हणजे या गाण्यात कोणते स्वर कायम कोमल आणि कोणते तीव्र. तयार यादीत भैरव सापडतच नाही. या यादीचं कोडं समजून घ्यायचं तर पंडित भातखंड्यांचं चरित्र वाचायला हवं.

जन्म आणि शिक्षण

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरला झाला. कॉलेजात असतानाच ते वल्लभदास यांच्याकडे सतार शिकले. 1885 मध्ये बी.ए. आणि 1887 मध्ये एल.एल.बी. झाले. काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. पण त्यांचा जीव रमायचा तो 'गायन उत्तेजक मंडळी' या संस्थेत. तिथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो धृपदं शिकून घेतली.

1900 मध्ये पत्नी गेली आणि 1903 मध्ये एकुलती एक मुलगीही गेली. घर रिकामं झालं. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. वकिली हळूहळू मागे पडली आणि उरलेलं सगळं आयुष्य संगीताच्या शोधात गेलं.

पोथ्या होत्या, पण सूर हरवले होते

आपल्या मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला. भातखंड्यांनी तो बारकाईने वाचला. पण त्यात लिहिलेले स्वर नेमके कुठे लावायचे, हे त्यांच्या काळात कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. ग्रंथ होता, पण तो गाऊन दाखवणारं कुणी उरलं नव्हतं.

उस्तादांच्या बाबतीत नेमकं याच्या उलट होतं. त्यांच्या गळ्यात शेकडो बंदिशी होत्या, पण कागदावर काहीच नव्हतं. घराण्याचं धन म्हणून बंदिशी बाहेर दिल्या जात नसत. गवई गेला की त्याच्याबरोबर त्याही जायच्या. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचंच बघा ना. तिचे अभंग शब्दरूपाने आपल्यापर्यंत पोचले, पण ती स्वतः ते कोणत्या चालीत म्हणायची, हे आज कोण सांगणार?

शोधयात्रा

1904 मध्ये ते मद्रास, तंजावर, एट्टयपुरम असे फिरले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांशी त्यांची भेट झाली. सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीने बारा स्वरांतून 72 मेळ कसे मांडले, हे त्यांना या प्रवासात नीट समजलं. 1907 मध्ये ते नागपूर, हैदराबाद, कलकत्ता या बाजूला गेले. आपला परभणी भाग तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. हैदराबादला अप्पा तुलसी या संस्कृत पंडितांशी त्यांचा स्नेह जुळला.

जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वजीर खाँ अशा मोठमोठ्या गुणीजनांकडे ते शिष्य म्हणून बसले. एल.एल.बी. झालेला माणूस पन्नाशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी झाला, हे आपण मुलांना आवर्जून सांगायला हवं.

लिपी

ऐकलेलं टिपायला त्यांनी साधी लिपी ठरवली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. देवनागरी वाचता येणाऱ्या कुठल्याही मुलाला ती तासाभरात कळते. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं आजही हीच चिन्हं शिकतात.

त्याच काळात क्लेमंट्स हे इंग्रज अधिकारी आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल 22 श्रुतींच्या हार्मोनियमचा पुरस्कार करत होते. भातखंड्यांना ते पटलं नाही. कागदावर बारा स्वर पुरेत, त्यांच्या आतली बारीक हालचाल गुरूच्या तोंडून शिकावी, ही त्यांची भूमिका होती.

दहा थाट

शेकडो रागांची वर्गवारी करायला त्यांनी 72 मेळांऐवजी फक्त दहा थाट घेतले. आता आपल्या कॉम्प्युटरकडे येऊ. सा पांढरी 1 वर धरा. पाश्चात्य पद्धतीत कोमल स्वर ठरलेल्या रांगेतच येतात : आधी नी, मग ग, मग ध, मग रे. तीव्र स्वरांच्या रांगेत पहिला नंबर म चा. आता थाट तपासून बघू.

- बिलावल : सगळे शुद्ध
- खमाज : नी कोमल
- काफी : नी, ग कोमल
- आसावरी : नी, ग, ध कोमल
- भैरवी : नी, ग, ध, रे कोमल
- कल्याण : म तीव्र

हे सहा थाट तयार यादीत अगदी बरोबर बसतात. उरलेले चार बसत नाहीत.

- भैरव : रे, ध कोमल (नी आणि ग ला वगळून रांग मोडली)
- मारवा : रे कोमल, म तीव्र
- पूर्वी : रे, ध कोमल, म तीव्र
- तोडी : रे, ग, ध कोमल, म तीव्र

मारवा, पूर्वी आणि तोडीत कोमल-तीव्र एकत्र येतात. तयार यादीत असं मिश्रण नसतंच. मग बरेचजण जवळची सिग्नेचर घेतात आणि प्रत्येक स्वरापुढे वेगळी खूण मारत बसतात. त्यामुळे पान खुणांनी भरतं आणि मुलाला वाटतं, भैरव म्हणजे काहीतरी अपवाद आहे, चूक दुरुस्त करून लिहिलेलं गाणं आहे. खरं तर भैरवात अपवाद काहीच नाही, कमी पडतेय ती यादी.

यावर उपाय सोपा आहे. म्यूझस्कोरमध्ये शिफ्ट आणि एफ 9 दाबून मास्टर पॅलेट उघडा आणि त्यातला की सिग्नेचरचा विभाग निवडा. रिकाम्या पाच रेघांवर फ्लॅट किंवा शार्पची खूण ओढून हव्या त्या जागी ठेवा. भैरवासाठी रे च्या आणि ध च्या जागी फ्लॅट. मग ती पॅलेटमध्ये जोडा आणि तिथून आपल्या पानावर ओढा. शेवटी एकदा वाजवून, कानाने खात्री करून घ्या. चारही थाट एकदाच करून ठेवले की वर्षभर काम भागतं.

कामाचा डोंगर

1909 मध्ये त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या टोपणनावाने काढला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, तोही गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीत आल्या. 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्यामागेही तेच होते. 1918 मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय आणि 1926 मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज सुरू झालं. लखनौची ती संस्था आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

अखेरची काही वर्षं ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचं निधन झालं.

टीकाही समजून घेऊ

दहा थाटांवर आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत. पटदीपात ग कोमल आणि नी शुद्ध. असा थाट दहांत नाही, म्हणून त्याला ओढून काफीत बसवतात. अहीर भैरवाचंही तसंच. म्हणजे पाश्चात्य यादीत जसे चार थाट मावत नाहीत, तसे दहा थाटांतही काही राग मावत नाहीत. भातखंड्यांनी आधी गाणारे ऐकले आणि मग यादी केली. आपण मात्र पुष्कळदा यादी पाठ करून घेतो आणि गाणं ऐकवायचं राहून जातं.

म्हणून वर्गात किंवा घरी एवढं करून बघा. गावातल्या एखाद्या आजीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगा. मुलांना आधी ती तोंडपाठ होऊ द्या, मग कोणते स्वर लागले ते पेटीवर शोधू द्या. ती दहा थाटांत बसली तर ठीक. नाही बसली, तर ओवी बदलायची नाही, तिच्यासाठी नवी सिग्नेचर बनवायची. आजी आहे तोवर हे करून घ्यायला हवं.