लिंडले मरे

लिंडले मरे (१७४५–१८२६) हे अमेरिकेत जन्मलेले व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले वकील, व्यापारी आणि इंग्रजी व्याकरणकार होते. त्यांचे ‘इंग्लिश ग्रामर’ (१७९५) हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड व अमेरिकेतील शाळांत सर्वाधिक वापरल्या गेलेल्या व्याकरणग्रंथांपैकी एक होय.

जीवन

मरे यांचा जन्म पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट हे पुढे न्यूयॉर्कमधील मोठे व्यापारी झाले. त्यांनी केलेल्या शिक्षेमुळे मरे यांनी लहानपणी घर सोडले व बर्लिंग्टन येथील शाळेत प्रवेश घेतला. नंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास करून वकिली केली. १७६७ मध्ये हॅना डॉब्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली. परंतु स्नायूंच्या दुर्बलतेने प्रकृती ढासळल्यामुळे १७८४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळील होलगेट येथे राहिले. अखेरची सुमारे सोळा वर्षे त्यांना घराबाहेर पडता आले नाही.

व्याकरणलेखन

यॉर्कमधील क्वेकर मुलींच्या शाळेतील शिक्षिकांना मरे घरीच व्याकरण शिकवीत. त्यांच्याच विनंतीवरून हा ग्रंथ सिद्ध झाला. वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार व छंदविचार असे त्याचे चार भाग आहेत. रॉबर्ट लाउथ आदी पूर्वसूरींचे बरेच साहित्य त्यात घेतलेले असल्याने मरे यांच्यावर टीकाही झाली. नवीन सिद्धांतापेक्षा नियमांची सुबोध मांडणी हेच त्यांचे वैशिष्ट्य होते.

इंग्रजीत क्रियापदाचे रूप केवळ वर्तमान व भूत या दोनच काळांत बदलते, असे काही व्याकरणकार मानत. मरे यांनी साहाय्यक क्रियापदांनी बनणारी रूपेही धरून सहा काळ मानले. आज ज्याला साधा भूतकाळ म्हणतात, त्याला त्यांनी लॅटिन परंपरेनुसार ‘इम्परफेक्ट’ म्हटले. ‘आय रोट’ यातील काळ पूर्णतः सरलेला असतो, तर ‘आय हॅव रिटन’ या रूपाचा वर्तमानाशी संबंध राहतो, हा भेद त्यांनी विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. १७९७ मध्ये त्यांनी स्वतंत्र अभ्यासपुस्तक काढले. त्यात विद्यार्थ्यांनी चुकीची वाक्ये दुरुस्त करावयाची असत.

प्रभाव

पुस्तकांचे उत्पन्न मरे यांनी धर्मादाय कार्यासाठी दिले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील मराठी व्याकरणाच्या मांडणीवरही मरे यांच्या ग्रंथाचा प्रभाव आढळतो. १८२६ मध्ये होलगेट येथे मरे यांचे निधन झाले.