रविवार मिळाला, पाचवी मागणी राहिली

रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळांना ठाऊक असते. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले. पण ज्या निवेदनात लोखंडे यांनी रविवार मागितला, त्याच निवेदनाच्या शेवटी एक मागणी होती, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. कामावर जायबंदी होणाऱ्या माणसाचे पुढे काय, याविषयीची ती मागणी होती.

साल १८८४. मुंबई सरकारने कलेक्टर मुलक यांच्या अध्यक्षतेखाली फॅक्टरी कमिशन नेमले होते. मालक आपले म्हणणे मांडणार हे उघडच होते. कामगारांचे कोण मांडणार? लोखंडे यांनी २३ व २६ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत सभा घेतल्या आणि साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या पाच. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाचवी मागणी अशी की, काम करताना गंभीर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

ही मागणी त्या काळी किती पुढची होती, हे समजायला तेव्हाचा कायदा पाहिला पाहिजे. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालावेत आणि अपघाताची खबर द्यावी, एवढे सांगितले होते. खबर सरकारला, कामगाराच्या घरी काय जायचे, याबद्दल कायदा गप्प. १८५५ चा एक कायदा होता, पण तो मृत्यूपुरता. त्यातही वारसांनी दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची आणि मालकाची चूक सिद्ध करायची. एका खोलीत पाच-सात माणसांनी राहायचे तिथे वकील कुठून आणायचा? हात गमावलेल्या माणसाला मालकाची मर्जी किंवा गावची वाट, एवढेच उरत असे. बिस्मार्कच्या जर्मनीत अपघात विम्याचा कायदा संमत झाला तो याच वर्षी, जुलैमध्ये. दोनच महिन्यांनी परळच्या सभेत तोच प्रश्न हक्क म्हणून मांडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

लोखंडे यांना हे सुचले कसे? त्यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग ते एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ १८८० मध्ये त्यांनी मुंबईत आणले आणि अखेरपर्यंत चालवले. त्यांच्या गिरणी कामगार सभेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियमावली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि अभ्यासक आजही घेतात. असेल. पण मागण्यांचा तो कागद पाहिला की या आक्षेपाचे वजन कमी होते.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारही तिथे बोलल्या. त्या सभेचा भर साप्ताहिक सुट्टीवर होता, आणि जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. त्या वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामातही लोखंडे होते. १८९१ च्या कायद्यात सुट्टी आली, दुपारची विश्रांती आली. नुकसानभरपाई आली नाही.

मला यात काही आश्चर्य वाटत नाही. रविवार सगळ्यांचा असतो, त्यासाठी दहा हजार माणसे एका मैदानावर येतात. अपघात एकट्याला गाठतो. ज्याचा हात पट्ट्यात जातो तो दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात नसतो, आणि त्याच्या जागी उभा राहायला बदली कामगार तयार असतो. मालकालाही सुट्टीचा हिशेब आधी मांडता येतो; जन्मभराच्या पोटगीचा हिशेब त्याला नको असतो.

१८९३ च्या दंगलीनंतर लोखंडे यांनी सलोख्यासाठी खटपट केली, १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी मिळाली. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रुग्णांच्या मदतीला धावले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. इंग्लंडने आपल्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला तो त्याच वर्षी. तो हिंदुस्थानात यायला आणखी पाव शतक लागले.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तेव्हा कायदेमंडळात ना. म. जोशी कामगारांचे प्रतिनिधी होते. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट गेली, दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्त आला. पण परळचे निवेदन शेजारी ठेवून पाहा. लोखंडे यांनी पूर्ण पगार मागितला होता, कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वाला अर्धा दिला, तोही कमाल मर्यादा घालून; आणि पहिले दहा दिवस वगळले. व्यवसायजन्य रोगांची यादी होती, पण कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार तिच्यात नव्हता. या विकारात सुट्टीनंतर कामावर परतले की छाती आवळते. मिळवलेला रविवार संपला की सोमवारी दम लागायचा.

१९४८ चा राज्य विमा कायदा आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत सुरू झालेली योजना, यांनी दवाखाना आणि भत्ता एका कार्डावर आणला. आज त्या योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाला पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. म्हणजे १८८४ च्या मागणीला अजून दहा टक्के कमीच. तेही विमा कार्ड असलेल्याला. बांधकामाच्या परातीवर, यंत्रमागावर, उसाच्या फडात ज्याला मुकादमाने तोंडी कामावर ठेवले, त्याला दाव्यात पहिल्यांदा हेच विचारले जाते की, तू तिथे कामाला होतास याचा कागद कुठे आहे?