अट न घालणारा दाता : संत गाडगे महाराज

दान देणारे हात समाजात पुष्कळ असतात. परंतु दिलेल्या वस्तूवरचा आपला हक्क सोडणारे हात विरळा. संत गाडगे महाराजांच्या चरित्राकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाईंनी मुलाला घेऊन दापुरे येथे माहेर गाठले. तेथे गुरे राखीत, शेत कसत डेबूजी वाढले. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कागदाने गिळली. अडलेल्या माणसाला अटींवर दिलेला पैसा त्याला कोठे नेऊन सोडतो, हे त्यांनी घरातच पाहिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि गाडगे, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडीत आणि मगच भाकरी स्वीकारीत. स्वतः घेताना त्यांनी श्रमाची अट कसोशीने पाळली. अनाथ-अपंगांना देताना मात्र एकही अट घातली नाही. हा भेद आम्हांला त्यांच्या जीवनाचा गाभा वाटतो.

पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी घाट बांधविला. आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते अन्नवस्त्र देत. पुढे नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा झाला. त्या काळी धर्मशाळेच्या दारात आधी जात विचारली जाई. अस्पृश्य वारकऱ्यांना पंढरपुरात पाठ टेकण्यास जागा नव्हती. त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. कीर्तनांतून मिळालेला पैसा या कामी लागला. महाराज स्वतः मात्र फाटक्या वस्त्रातच राहिले.

पुढे पंढरपूरची ही वास्तू त्यांनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अक्षरशत्रू राहिलेल्या माणसाने दारोदार फिरून उभारलेले छप्पर विद्येच्या कार्याला अर्पण केले. बांधणे कठीण खरे. परंतु बांधलेले सोडून देणे त्याहूनही कठीण, असे आम्हांला वाटते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीनजीक वलगावजवळ महाराजांनीही प्रवासातच देह ठेवला.

निवासी शाळा चालविताना आम्हांला या चरित्राचा धाक वाटतो. वह्या वाटताना मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे घेतली जातात, गणवेश देताना त्यांच्या दारिद्र्याचे जाहीर वर्णन होते, आणि मुलाने पुढे आयुष्यभर ऋणी राहावे अशी अपेक्षा धरली जाते. तेव्हा सावकाराचा तो कागदच वेगळ्या रूपाने परत आलेला असतो. भुकेल्या मुलाने ताठ मानेने जेवावे आणि ताट कोणी वाढले हे विसरून निःशंक मनाने पुस्तक उघडावे, एवढे साधले तरी वसतिगृहाने आपले काम केले, असे आम्ही मानतो.